कालरेषा, नकाशा आणि पीपीटी

बडोद्यातलं मराठी घरातलं मूल गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातं, घरी मराठी बोलतं, आणि सयाजीराव महाराजांवर प्रोजेक्ट करायची वेळ आली की तिन्ही भाषा एकाच पडद्यावर आणतं. मथळा गुजरातीत, आजीने सांगितलेली माहिती मराठीत, चित्राखालच्या ओळी इंग्रजीत. शाळेतून सूचना मात्र एकच असते: पीपीटी बनवून आणा.

पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आलं आणि कचेऱ्यांतल्या बैठकांत रुजलं. एकामागून एक पान, पानावर एक मथळा, मथळ्याखाली चार मुद्दे ही त्याची मूळ ठेवण. काही विषय तिच्यात छान बसतात. पण सयाजीरावांचं चरित्र वर्षांच्या ओळीवर उलगडतं, जुन्या बडोद्याचं वर्णन नकाशावर उभं राहतं आणि भिंगाचा धडा भिंग हलवल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने साधन निवडताना आधी आपल्या विषयाची घडण पाहावी असं मला मनापासून वाटतं. आकर्षक टेम्प्लेट कुठे मिळतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडे मात्र त्याच्याही आधी एक चाळणी लावावी लागते, ती लिपीची. कोणतंही नवं साधन हाती आलं की त्यात पहिली ओळ अशी लिहून पाहावी: ‘दुसऱ्या वर्षी ळ, ॲ, ऑ, श्री, र्‍हास’. अर्धा र नीट दिसला, ळ तुटला नाही, रफार योग्य अक्षरावर बसला तर पुढे जावं. मग त्याखाली गुजरातीतली एक ओळ. देवनागरीला शिरोरेषा आहे, गुजरातीला नाही. त्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांतले फॉन्ट शेजारी आले की एक लिपी ठळक आणि दुसरी अशक्त दिसते. यावर फुकट आणि चांगला उपाय आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेल्या ‘मुक्ता’ फॉन्टचं गुजराती भावंड ‘मुक्ता वाणी’ आहे आणि ‘बालू’चं ‘बालू भाई’. एकाच हाताने घडवलेले असल्याने त्यांचं वजन आणि उंची जुळते. गूगल स्लाइड्समध्ये फॉन्टच्या यादीत सर्वांत वर ‘मोअर फॉन्ट्स’ आहे. तिथे स्क्रिप्ट देवनागरी निवडली की मुक्ता सापडतो, गुजराती निवडली की मुक्ता वाणी. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्यावा. मराठी आणि हिंदी अशी त्याची वेगवेगळी रूपंच केलेली आहेत.

कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइन साधनाची टेम्प्लेटं मुलांना फार आवडतात आणि नेमकी तिथेच मराठी अक्षरांची वाट लागते. बहुतेक टेम्प्लेटं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. मथळ्याला ऐट यावी म्हणून दोन अक्षरांमधली जागा वाढवलेली असते. त्या चौकटीत मराठी मजकूर टाकला की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. अशा वेळी मजकूर निवडून ‘स्पेसिंग’मध्ये अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणावं आणि ओळींमधलं अंतर १.४च्या आसपास ठेवावं. ओळी त्याहून जवळ आल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शिवाय टेम्प्लेटमधला मूळ फॉन्ट फक्त रोमन असेल तर कॅन्व्हा गुपचूप दुसराच देवनागरी फॉन्ट वापरतो. म्हणून फॉन्ट आपण होऊन बदलावा, आहे तसा सोडू नये. कॅन्व्हातून पीपीटी स्वरूपात उतरवलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर विस्कटते, कारण तिथे तो फॉन्ट नसतो. पीडीएफ विस्कटत नाही. शाळांतल्या शिक्षकांसाठी कॅन्व्हाची शिक्षणासाठीची आवृत्ती मोफत आहे, फक्त शिक्षक असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

जुन्या फाइलींचं दुखणं याहून खोल आहे. शाळेच्या कॉम्प्युटरवर आधीच्या शिक्षकांनी श्री-लिपी, कृतिदेव किंवा तशाच एखाद्या गुजराती फॉन्टमध्ये केलेल्या उत्तम फाइली पडून असतात. त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली होती. फाइलीत साठलेली असतात ती रोमन अक्षरंच, आणि फॉन्ट गेला की मुखवटा निघतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीत, रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतर झाल्यावर तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं: ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ळ. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षर संपल्यावर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट आहे, म्हणून जोडाक्षरांत हमखास घोळ होतो. चांगल्या शिक्षकाची वीस वर्षांची मेहनत अशी पडून राहणं मला सहन होत नाही. सुटीत दोन मुलांनी बसून एकेक फाइल युनिकोडमध्ये आणली तर शाळेचं केवढं काम होईल.

नव्याने टाइप करायला शिकणाऱ्या बडोदेकर मुलांनी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकावी. त्यात मराठी आणि गुजराती दोन्हींचा क एकाच कळीवर आहे, म दुसऱ्या एका कळीवर, तसंच बाकी सगळं. एक पाठ झालं की दुसरं आपोआप येतं. विंडोज आणि स्पेस या कळा दाबून भाषा बदलायची, बोटं तिथेच फिरतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.

आता अक्षराच्या आकाराबद्दल, कारण याचा हिशेब फारसं कुणी करत नाही. पडदा सहा फूट रुंद असेल तर सोळा-नऊच्या प्रमाणात त्याची उंची साडेचाळीस इंच होते. पॉवरपॉइंटची स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे पडद्यावर सगळं ५.४ पट मोठं दिसणार. २८ पॉइंटचा मजकूर पडद्यावर दोन इंचांच्या चौकटीत बसतो आणि त्यात शिरोरेषेपासून पायापर्यंतची अक्षराची उंची साधारण निम्मी, म्हणजे एक इंच. पंचवीस फुटांवरच्या शेवटच्या बाकाला एवढं अक्षर पुरतं. १८ पॉइंटला तेच पाऊण इंचाच्याही खाली जातं, आणि मात्रा, अनुस्वार, उकार दुरून गळून पडतात. इंग्रजीत चालून जाणारा आकार मराठीत चालत नाही तो यामुळेच.

यात आणखी एक गोम आहे. गूगल स्लाइड्सची स्लाइड १० इंच रुंद आणि ५.६ इंच उंच असते, लिबरऑफिस इम्प्रेसची २८ सेंटीमीटर रुंद. त्यामुळे पॉवरपॉइंटमधले २८ पॉइंट म्हणजे गूगल स्लाइड्समधले २१ आणि इम्प्रेसमधले २३. एका साधनातला मजकूर दुसऱ्यात चिकटवला की अक्षरं अचानक फुगतात किंवा आकसतात. दोन-तीन मुलं वेगवेगळ्या घरी बसून एकच प्रेझेंटेशन करत असतील तर पहिल्या दिवशीच स्लाइडचा आकार एकसारखा करून घ्यावा. गूगल स्लाइड्समध्ये फाइल मेनूत ‘पेज सेटअप’ आहे, तिथे कस्टम निवडून १३.३३ आणि ७.५ इंच भरले की पॉवरपॉइंटशी जमतं.

सयाजीरावांच्या प्रोजेक्टकडे येऊ. जन्म १८६३, दत्तक १८७५, कारभार हाती १८८१, अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३, सबंध संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९०६, बँक ऑफ बडोदा १९०८, ग्रंथालय चळवळीसाठी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना आणलं १९१०, डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले १९१३, महाराजांचं निधन १९३९, विद्यापीठ १९४९. हे मुद्द्यांच्या यादीत लिहिलं की सगळ्या ओळी सारख्या अंतरावर येतात आणि सगळ्या घटना सारख्याच वाटतात. कालरेषेवर मांडलं की अमरेली आणि १९०६ यांच्यामधली तेरा वर्षं डोळ्यांना दिसतात. आधी एका भागात करून पाहिलं, मग कायदा सगळीकडे नेला, हे पोराला आपोआप उमगतं. १९०६ ते १९१३ या सात वर्षांत चार मोठ्या गोष्टींची दाटी दिसते. त्या दाटीतून प्रश्न सुचतात, आणि प्रोजेक्टचा खरा मजकूर त्या प्रश्नांतूनच येतो.

याला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं ‘टाइमलाइन जेएस’ फार सोयीचं आहे. त्यांच्या पानावरून गूगल शीटचा तयार साचा आपल्या खात्यात उतरवायचा, प्रत्येक ओळीत एक घटना भरायची, शीट ‘पब्लिश टू वेब’ करायची आणि तिचा दुवा त्यांच्या पानावर चिकटवायचा. कालरेषा तयार. पहिल्या रांगेतली रकान्यांची नावं बदलू नयेत, एकही रकाना काढू नये आणि मध्ये कोरी ओळ सोडू नये. या तिन्हींपैकी काहीही झालं की पान उघडत नाही. साल इंग्रजी आकड्यांतच भरायचं. ‘१९०६’ असं देवनागरीत भरलं तर ते शीटच्या लेखी अक्षरं ठरतात, तारीख नव्हे. मथळ्यात आणि मजकुरात मात्र मराठी आकडे बिनदिक्कत वापरावेत. घटना वीसच्या आत ठेवाव्यात, त्याहून लांब रेषा कुणी शेवटपर्यंत पाहत नाही.

वर्गात नेट नसेल तर हीच रेषा साध्या स्लाइडवर मापाने काढता येते. १८६३ ते १९४९ ही ८६ वर्षं. १३.३३ इंच रुंद स्लाइडवर बारा इंचांची आडवी रेषा घेतली तर एका वर्षाला ०.१४ इंच येतो. डावीकडून पाऊण इंचावर सुरुवात धरली तर १८९३ची खूण ३० गुणिले ०.१४, म्हणजे ४.२ अधिक ०.७५, एकूण ४.९५ इंचांवर. अमरेली आणि १९०६ यांच्या खुणांत १.८ इंचांचं अंतर येईल. खुणेची जागा डोळ्यांनी ठरवू नये. आकारावर उजवं क्लिक करून ‘साइज अँड पोझिशन’मध्ये आडव्या जागेचा आकडा भरावा, मात्र तो आकडा खुणेच्या डाव्या कडेचा असतो हे ध्यानात ठेवावं. १९०६ ते १९१३च्या मजकुराची गर्दी होईल, तिथे चिठ्ठ्या आळीपाळीने रेषेच्या वर-खाली आणि वेगवेगळ्या उंचीवर लावाव्यात. रेषा ताणून गर्दी मोडू नये, माप बिघडलं की कालरेषेचा अर्थच गेला.

जुन्या शहराचा विषय घेतला तर ओळ नको, नकाशा हवा. मधोमध मांडवी, पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. पहिल्याच स्लाइडवर मुलांनी हाताने काढलेल्या नकाशाचा फोटो लावावा आणि प्रत्येक दरवाज्यावर क्लिक केलं की त्या दरवाज्याची स्लाइड उघडावी. जेनियली हे ऑनलाइन साधन हे काम देखणं करून देतं, पण ते चालवायला नेट लागतं. पॉवरपॉइंट, इम्प्रेस किंवा गूगल स्लाइड्समध्येही ते होतं. दरवाज्यावर एक चौकोन काढायचा, कडेची रेषा काढून टाकायची आणि ‘इन्सर्ट लिंक’मधून (इम्प्रेसमध्ये ‘इंटरॅक्शन’मधून) याच प्रेझेंटेशनमधली हवी ती स्लाइड जोडायची. पॉवरपॉइंटमध्ये चौकोनाला ‘नो फिल’ देऊ नये. तसं केलं तर आतला भाग क्लिक घेत नाही, फक्त कडा घेते. रंग ठेवून त्याची पारदर्शकता १०० टक्के करावी. दुसरी अडचण अशी, की क्लिक चौकोनाबाहेर पडलं तर पुढची स्लाइड येते आणि बोलणाऱ्या मुलाचं भान सुटतं. त्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये नकाशाच्या स्लाइडवर ‘ट्रान्झिशन्स’मध्ये जाऊन माउस क्लिकने पुढे सरकण्याची खूण काढून टाकावी. प्रत्येक दरवाज्याच्या स्लाइडवर कोपऱ्यात ‘नकाशा’ असं लिहिलेला परतीचा चौकोन ठेवावा. मग वर्गातल्या मुलांनी सांगितलेल्या क्रमाने शहर फिरता येतं.

विश्वामित्रीसाठी गूगल अर्थ वापरून पाहावं. नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वाहते आणि ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. ब्राउझरमधल्या गूगल अर्थमध्ये नवं प्रोजेक्ट उघडून त्यात ठिकाणं जोडायची, प्रत्येक ठिकाणी हवा तो कोन आणि उंची धरून ‘कॅप्चर धिस व्ह्यू’ करायचं. ‘प्रेझेंट’ दाबलं की पावागडावरून उडत खाली शहरात येतो. शहरात मगरी असलेली नदी मुलं रोज पुलावरून पाहतात, पण ती येते कुठून हे त्यांना असं दिसलं की ते विसरत नाहीत.

प्रेझी हे प्रेझेंटेशनचं साधन २००९ साली बुडापेस्टमधून आलं. एकाच मोठ्या फळ्यावर जवळ जाणं आणि लांब येणं हे त्याचं वैशिष्ट्य, पण घिरट्या जास्त झाल्या तर बघणाऱ्यांना गरगरतं. मोफत खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं हेही लक्षात ठेवावं. नव्या पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’खाली ‘झूम’ आहे, त्यात बरंच काम भागतं.

शिक्षकांना मी आवर्जून सांगेन ते ओपनबोर्डबद्दल. हे मोफत साधन स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात सुरू झालेल्या कामातून आलं आणि ते फळ्यासारखंच वापरायचं असतं. धड्याची पीडीएफ आत घेऊन तिच्यावर लिहिता येतं, पडदा ओढून उत्तर झाकून ठेवता येतं, पट्टी, कोनमापक आणि कंपास आतच आहेत. त्रिकोण रचायचा असेल तर तयार चित्राची स्लाइड दाखवण्यापेक्षा ओपनबोर्डवर कंपास उघडून कंस काढावा, कारण कुठला कंस आधी आणि कुठला नंतर हेच शिकवायचं असतं. तास संपला की सगळी पानं पीडीएफ करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता येतात. कोन बदलला की क्षेत्रफळाचं काय होतं असा प्रश्न असेल तर जिओजेब्रा, त्यात सरकपट्टी ओढली की आकृती हलते. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’. तिथल्या बऱ्याच प्रयोगांची मराठी आणि गुजराती रूपं आहेत, आणि प्रत्येक प्रयोग एका फाइलीत उतरवून घेता येतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर नेली की कोणत्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. भिंगाचा, विद्युत मंडलाचा तास घेणाऱ्याने एकदा उतरवून ठेवावं, पुढे वर्षानुवर्षं कामाला येतं.

एमएस युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंग किंवा गणित करणाऱ्यांनी मार्प किंवा बीमर या साध्या मजकुरातून स्लाइड बनवणाऱ्या साधनांकडे वळावं. मार्पमध्ये साध्या मजकुरात तीन डॅश दिले की नवी स्लाइड होते. बीमरमध्ये समीकरणं सुरेख बसतात, मराठीसाठी मात्र तो लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या झीलाटेक किंवा लुआलाटेक या रूपांनीच चालवावा.

बडोदा संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचेच्या स्लाइड, स्टिरिओस्कोप आणि सिनेमा ती गावोगावी नेऊन दाखवायची, म्हणजे वाचता न येणाऱ्यांनाही जग दिसायचं. ती मंडळी निघताना सगळं सामान बरोबर घेऊन निघत. आपणही सगळं बरोबर घेऊनच वर्गात जावं. नेटवर ठेवलेलं काम फार सहज हातातून निसटतं. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं फ्लॅश बंद झालं आणि त्यावर उभी असलेली कितीतरी शैक्षणिक पानं मुकी झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ अखेर बंद झाला. गूगल स्लाइड्सची ऑफलाइन सोय चांगली आहे, पण ती फक्त आपल्या लॅपटॉपवर, आपल्या खात्यात आणि नेट असताना आधी सुरू करून ठेवली तरच. शाळेच्या कॉम्प्युटरवर तिचा उपयोग नाही, आणि यूट्यूबचा व्हिडिओ तिथेही चालत नाही.

म्हणून पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये मूळ फाइल, तिची पीडीएफ, वापरलेले फॉन्ट आणि व्हिडिओ वेगवेगळे ठेवावेत. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’खाली फॉन्ट फाइलीतच बसवायची सोय आहे, इम्प्रेसमध्ये ती फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’खाली मिळते. मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारचा असेल तर शाळेच्या विंडोजवर आवाज येतो आणि चित्र येत नाही, तो आधी एच२६४ एमपी४ करून घ्यावा. फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत, नाहीतर पडद्यावर ते फुटलेले दिसतात. प्रोजेक्टर व्हीजीए वायरचा असेल तर त्यातून आवाज जात नाही, स्पीकरची वायर वेगळी लागते. पडदा काळा राहिला तर विंडोज आणि पी या कळा एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावं. बोलताना सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं असं वाटलं तर बी दाबावं, पडदा काळा होतो आणि पुन्हा बी दाबलं की परत येतो.

आणि कागद विसरू नये. छपाईत ‘हँडआउट्स’खाली एका पानावर तीन स्लाइड असा पर्याय पॉवरपॉइंटमध्ये आहे, त्यात प्रत्येक स्लाइडशेजारी लिहायला ओळी येतात. त्यासाठी पार्श्वभूमी पांढरी असलेली वेगळी प्रत करावी. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं पडद्यावर शोभतात, झेरॉक्समध्ये त्यांचा डाग होतो. गैरहजर मुलाला, आणि रात्री घरी ‘काय शिकवलं रे आज?’ म्हणून विचारणाऱ्या आजोबांना तोच कागद दाखवता येतो.